गावठाणात निघालेला नळ्यांचा दगड: एका ओळखीचा प्रकरण अभ्यास

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडील अंगाला असलेल्या एका गावठाणात, जुने कौलारू घर उतरवून त्याच जागी नवे घर बांधण्यासाठी पाया खोदला जात असताना, जमिनीच्या पातळीपासून सुमारे सव्वा मीटर खाली एक काळसर राखाडी दगड निघाला. त्याची लांबी २६ सेंटिमीटर, रुंदी १८ आणि जाडी ११ होती. दोन हातांनी उचलता येईल, पण फार वेळ धरवणार नाही, असा तो होता. त्याच्या एका पृष्ठभागावर ४१ गोल छिद्रे होती आणि ती गोल असली तरी सारख्या मापाची नव्हती. विरुद्ध पृष्ठभागावर मात्र एकही छिद्र नव्हते. शिवाय एका कडेला अर्ध्या नळीसारखी एक लांब खाच होती, इतकी सरळ की दगड पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्यांदा बोट तिच्यातूनच फिरवले.

कुटुंब आगरी. पूर्वी भातशेती आणि मिठागरातला वाटा यांवर घर चालत असे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी तत्कालीन ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले, त्यात या घराची शेतीही गेली. उरली ती गावठाणातील राहत्या घराची जागा. त्या जागेतून काही निघाले, की ते आपल्या पूर्वजांचे, आपल्या मातीचे, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक होते, आणि हे वाटणे या प्रकरणात शेवटपर्यंत आडवे येत राहिले. माझ्यापुरते सांगायचे तर मीही काही काळ त्याच समजुतीत राहिलो.

माझ्याकडे हे प्रकरण छायाचित्राच्या रूपाने आले. मी ठाण्याला राहतो, अनेक वर्षे भूशास्त्र शिकवले आहे, आणि निवृत्तीनंतर दर महिन्याला कोणी ना कोणी 'सर, हा दगड कसला?' असे विचारणारा फोटो पाठवतोच. त्यातील दहापैकी नऊ दगड बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा गोठून झालेला काळा दगड, असतात, कारण आपण बेसॉल्टवरच राहतो. या घरातील पुतण्याने पाठवलेल्या फोटोत फक्त छिद्रांची बाजू दिसत होती आणि मापासाठी शेजारी काहीही ठेवलेले नव्हते. मी लगेच उत्तर दिले की हा मांजऱ्या आहे, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला आपल्याकडचा नेहमीचा काळा दगड आहे, विहीर खोदणाऱ्या कोणालाही तो ठाऊक असतो. उत्तर चुकीचे नव्हते, पण घाईचे होते. अर्ध्या तासाने पुतण्याने दुसरा फोटो पाठवला. त्याने एका छिद्रात खराट्याची काडी घातली होती, ती आत अडल्यावर छिद्राच्या तोंडाशी तिच्यावर पेनाने खूण केली होती, आणि मग ती काडी पट्टीशेजारी ठेवली होती. खूण ९ सेंटिमीटरवर होती. बुडबुड्याची पोकळी साबुदाण्याएवढी असते, वाटाण्याएवढी असते, कधी लिंबाएवढीही असते. पण ८ मिलिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर खोल असा बुडबुडा नसतो. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दगड पाहण्याचे ठरवले.

मी पोहोचेपर्यंत दगडाबद्दल घरात तीन मते तयार झाली होती. पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना तो उल्कापाषाण वाटत होता. मोबाइलवरच्या चित्रफितींत छिद्रे असलेला काळा, जड, लोहचुंबकाला खेचणारा दगड म्हणजे उल्का असे सांगितलेले असते, आणि हा दगड काळा होता, जड होता आणि त्याने चुंबक खेचून घेतला होता. घरातील थोरल्या काकांचे मत वेगळे होते. छिद्रे नसलेल्या बाजूवर विटकरी तांबूस रंगाचा पातळ लेप होता. तो शेंदूर असावा आणि दगड जुन्या देवस्थानाचा असावा, म्हणून त्यांनी तो पाटावर ठेवून त्यावर जास्वंदीचे फूल वाहिले होते. तिसरे मत मुकादमाचे होते: कोळी-आगरी लोकांनी जाळ्यांचे खुंट बसवण्यासाठी पाडलेली ही भोके आहेत. याखेरीज कोणी एक जण दूरध्वनीवरून दगड विकत घ्यायला तयार झाला होता आणि 'तपासणीचे शुल्क' म्हणून आधी २० हजार रुपये मागत होता. पैसे दिले गेले नव्हते, हे माझे पहिले समाधान. तांब्याचे भांडे तांदूळ खेचते म्हणून लाखोंना विकण्याचे जे प्रकार आपल्याकडे होतात, त्यांच्यात आणि या फोनमध्ये मला काही फरक दिसला नाही.

उल्केचा प्रश्न आधी निकालात काढणे भाग होते, कारण तो शिल्लक असेपर्यंत दुसरे काहीही ऐकण्याची कोणाची तयारी नव्हती. चुंबकाची परीक्षा फसवी असते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात आणि त्यामुळे तो जोरदार चुंबकाला थोडा का होईना खेचतोच. मी जुन्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ नेला, तो किंचित कलला. मग बांधकामासाठी अंगणात टाकलेल्या खडीच्या ढिगातला एक तुकडा उचलून त्याच्याजवळ नेला, तो तेवढाच कलला. पुतण्याने हा प्रयोग स्वतः तीन वेळा करून पाहिला, आणि चित्रफितीवरचा त्याचा विश्वास उडायला तेवढे पुरले.

वजनासाठी घरातला मासळी तोलण्याचा लटकता काटा वापरला. दगड सुंभाने बांधून हवेत तोलला तेव्हा ११.४ किलो भरला; पाण्याने भरलेल्या पिंपात पूर्ण बुडवून, नळ्यांतली हवा निघून जाईपर्यंत थांबून, तसाच लटकता तोलला तेव्हा ७.२ किलो भरला. हवेतले वजन दोन्हींतील फरकाने भागले, म्हणजे ११.४ भागिले ४.२, की सुमारे २.७ ही घनता मिळते. बेसॉल्टची घनता साधारण २.७ ते ३ असते. नेहमी सापडणारे अश्म उल्कापाषाण त्याहून जड असतात, ३.४ च्या आसपास, आणि लोहाचे तर ७.८ पर्यंत जातात. उल्कापाषाणावर वातावरणातून येताना वितळून झालेली पातळ काळी साल असते, आणि त्यावर जे खळगे दिसतात ते ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे उथळ असतात. खोल नळ्या त्यांत नसतात. शेजारच्या एका गृहस्थांनी लोणारचा दाखला दिला. लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आघातानेच झाले आहे हे खरे, पण त्या विवरातून लोक जे दगड उचलून आणतात तेही आपल्याच बेसॉल्टचे असतात. आणि खरोखरच उल्का असती तरी ती अनोळखी ग्राहकाला विकण्याचा प्रश्न नव्हता; १८५१ साली स्थापन झालेले आणि कोलकात्यात मुख्यालय असलेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण देशातील उल्कापाषाण सांभाळते, आणि अशी वस्तू तिथे कळवायची असते.

बाकीच्या शक्यता लवकर बाजूला झाल्या. जांभ्यात अशाच वाकड्यातिकड्या नळ्या असतात, पण जांभा तांबडा आणि तुलनेने मऊ असतो. माथेरानचा माथा पाहिलेल्या कोणाचाही त्यात घोटाळा होणार नाही. या दगडावर खिळ्याने ओरखडासुद्धा उठत नव्हता. निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत ते पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले आहेत, त्यांचा आकार रांजणासारखा असतो, आणि ८ मिलिमीटरच्या नळीत गोटा फिरणार तरी कसा? मुकादमाच्या खुंटांबद्दलही तेच म्हणता येते: ४१ खुंट एका तळहाताएवढ्या जागेत कोणी ठोकत नाही. खाडीकाठ असल्यामुळे मला स्वतःला थोडा वेळ दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांची शंका आली होती. असे शिंपले असतात, पण ते मऊ दगड किंवा चुनखडी पसंत करतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचे बीळ तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असते, कारण प्राणी आत जाऊन वाढतो. इथे तसे नव्हते. कालवे तर दगडाला नुसती चिकटतात, पोखरत नाहीत, हे काकांनीच मला सांगितले.

आता दगडाकडेच नीट पाहायचे होते. छिद्रांची रुंदी ३ ते ८ मिलिमीटर होती आणि दोन शेजारच्या छिद्रांमध्ये एक ते दोन सेंटिमीटर अंतर होते. मी पुतण्याला आणखी काड्या तोडायला सांगितल्या आणि नऊ छिद्रांत नऊ काड्या घातल्या. दगड पिंपाच्या काठावर ठेवून लांबून पाहिला तेव्हा त्या सगळ्या काड्या, वाऱ्याने झुकलेल्या भातासारख्या, एकाच बाजूला साधारण १५ अंशांनी कललेल्या दिसल्या. किड्याने, शिंपल्याने किंवा माणसाने पाडलेल्या भोकांत अशी शिस्त सहसा येत नाही. दगडाची एक बाजू फुटलेली होती आणि तिथे काही नळ्या उभ्या चिरल्या गेल्या होत्या, म्हणजे त्यांचे पोट दिसत होते. त्यातली एक जोडी महत्त्वाची ठरली: खालून निघालेल्या दोन बारीक नळ्या वर जाताना एकमेकींकडे झुकून एक झाल्या होत्या, आणि पुढे ती एकच नळी दोघींपेक्षा रुंद झाली होती.

छिद्रे नसलेल्या बाजूचाही उलगडा याच फुटलेल्या बाजूवर झाला. तळाची सुमारे दीड सेंटिमीटर जाडीची साल बाकी दगडापेक्षा बारीक पोताची, जवळजवळ काचेसारखी घट्ट होती आणि तिच्यात एकही नळी नव्हती. सगळ्या नळ्या त्या सालीच्या वरून सुरू होत होत्या. म्हणून ४१ छिद्रे एका बाजूने आत जात होती आणि एकही बाहेर पडत नव्हते. तांबूस लेप ज्यावर होता ती हीच साल. शेंदूर तेलात कालवलेला असतो आणि जुना झाला की खपल्यांनी सुटतो. हा लेप ओल्या बोटाला मातीसारखा लागत होता आणि भिंगाखाली पाहता दगडाच्या बारीक भेगांत शिरलेला दिसत होता. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये जो भाजल्या विटेच्या रंगाचा मातकट थर असतो, ज्याला भूशास्त्रात लाल बोल म्हणतात, त्याचाच हा चिकटून राहिलेला अंश असावा असा माझा निष्कर्ष आहे. काकांना हे सांगताना मी फूल काढायला सांगितले नाही, आणि त्यांनीही ते काढले नाही.

हे सर्व एकत्र ठेवले की दगडाचे नाव ठरते. हा बेसॉल्टच आहे, पण लाव्हाच्या प्रवाहाच्या अगदी तळचा, आणि त्यातील छिद्रे म्हणजे वायूच्या नळ्या आहेत. दख्खनच्या पठारावरील लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक थरांनी ओतला गेला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातले पुष्कळ प्रवाह पाहोएहोए प्रकारचे, म्हणजे पातळ, गुळगुळीत कातडीचे आणि लहान लहान पदरांनी पुढे सरकणारे होते, आणि अशा प्रवाहांच्या तळाशी या नळ्या पश्चिम महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतात.

नळी कशी होते हे घरातल्यांना समजावताना मला घावनाचा आधार घ्यावा लागला. तव्यावर पातळ पीठ घातले की खालून वाफ वर येते आणि घावनाला जाळी पडते. पीठ आळेपर्यंत भोक मिटत राहते, आळल्यावर ते उघडेच राहते. लाव्हाच्या बाबतीत तवा उलटा आहे, असे मी म्हणालो. तिथे वरचा पदार्थ तापलेला आणि खालची जमीन थंड असते. त्यामुळे लाव्हा तळातून वर गोठत जातो. सगळ्यात खालचा पदर इतका झटकन थिजतो की वायूला बुडबुडा करायलाही सवड मिळत नाही. तीच ती छिद्रहीन साल. त्यानंतर गोठण्याचा वेग थोडा मंदावतो. लाव्हात विरघळलेला वायू गोठत्या भागातून बाहेर ढकलला जातो, त्याचा बुडबुडा गोठण्याच्या सीमेवर तयार होतो, आणि ती सीमा जसजशी वर सरकते तसतसा बुडबुडाही तिच्याबरोबर वर सरकतो. मागे सोडलेली त्याची वाट बुजवायला आता द्रव लाव्हा शिल्लक नसतो, म्हणून ती वाट नळी होऊन राहते. दोन बुडबुडे वाटेत भेटले तर पुढे एकच मोठा बुडबुडा जातो. म्हणून दोन नळ्या वरच्या दिशेने एक होतात, खालच्या दिशेने नव्हे. आणि हे चालू असताना वरचा लाव्हा अजून वाहत असेल तर नळीचे वरचे टोक प्रवाहाबरोबर ओढले जाऊन कलते. हवाई बेटांवरील लाव्हांचा अभ्यास करून जॉर्ज वॉकर यांनी १९८७ साली दाखवले की अशा नळ्या चार अंशांहून कमी उताराच्या, म्हणजे जवळजवळ सपाट जमिनीवरच होतात. त्या अर्थी, हा दगड ज्या लाव्हाचा तळ आहे तो लाव्हा डोंगरउतारावरून धावत आलेला नव्हता. तो मैदानावर सावकाश पसरत होता.

पांढऱ्या पदार्थाची गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे, पण सांगितली पाहिजे. दगड निघाला तेव्हा बऱ्याच नळ्या पांढऱ्या पदार्थाने भरलेल्या होत्या. मातीच असेल म्हणून सूनबाईंनी तो फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडने घासला. त्यातील अनेक नळ्यांतून फेस उसळला, 'दगड उकळला' अशी बातमी आळीभर झाली, आणि दगडाचे गूढ आणखी वाढले. फरशीचे अ‍ॅसिड म्हणजे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यात फसफसून विरघळणारा पांढरा पदार्थ कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, असणार हे उघड आहे. लाव्हा गोठल्यानंतर फार पुढच्या काळात, खनिजे विरघळलेले गरम पाणी अशा पोकळ्यांतून झिरपते आणि त्यांत कॅल्साइट, गारगोटीचे प्रकार आणि झिओलाइट गटातील खनिजे साचवते. मुंबई परिसरातील खाणींतून निघालेली अशी खनिजे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. या दगडातील कॅल्साइट बहुतेक गटारात गेले. ज्या पाच-सहा नळ्यांत फेस आला नव्हता त्यांत मात्र अजून काही शिल्लक होते. एका नळीच्या भिंतीला शेवाळी हिरव्या रंगाचा, नखाने खरवडला जाणारा मऊ थर होता, आणि त्याच्या आत पांढऱ्या, सुईसारख्या, एका बिंदूतून पसरलेल्या काड्यांचा झुपका होता. अशी ठेवण झिओलाइट गटात नेहमी आढळते. भिंगातून तो झुपका पाहिल्यावर सूनबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, 'सर, मी घासायला नको होतं.' अ‍ॅसिडचा तो फेस मात्र माझ्या निष्कर्षाला उपयोगी पडला, हेही खरे आहे.

इथपर्यंत आल्यावर मी चूक केली. नळ्या कोणत्या दिशेला कललेल्या आहेत हे मी पाहिले होते, तळ कोणता हे ठरवले होते, आणि उत्साहाच्या भरात काकांना सांगून टाकले की तुमच्या घराखाली लाव्हाच्या दोन प्रवाहांची सीमा असली पाहिजे, आणि दगड कसा पडला होता हे आठवले तर लाव्हा कोणत्या दिशेने वाहत होता तेही सांगता येईल. काका फार खूश झाले. खाच मी पाहिली होती, पण तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. ती फुटण्याची खूण असेल असे म्हणून मी पुढे गेलो होतो. निघता निघता पुतण्याने विचारले, की सगळ्या नळ्या कललेल्या आहेत तर ही एकच अर्धी नळी त्यांना आडवी का जाते?

प्रश्न अचूक होता. मी पुन्हा बसलो. खाचेची रुंदी मोजली तर ती तोंडापासून शेवटपर्यंत ३४ मिलिमीटर होती, कमी नाही की जास्त नाही. तिच्या पृष्ठभागावर एकमेकींना समांतर बारीक वळ्या होत्या आणि दगडातले कण तिथे ठेचून पांढुरके झाले होते. वाटेत तिने चार नळ्या कापल्या होत्या. कापलेल्या जागी नळ्यांच्या भिंतीवरचा हिरवा थरही कापला गेला होता आणि खाचेच्या स्वतःच्या अंगावर तसा थर कुठेही नव्हता. जे कापते ते कापल्या गेलेल्यापेक्षा नंतरचे, हा भूशास्त्रातला पहिला धडा. म्हणजे ही खाच नळ्यांनंतरची, नळ्यांत खनिजे साचल्यानंतरची होती. ३४ मिलिमीटर हे दगडखाणीत सुरुंगासाठी जॅकहॅमरने जे भोक पाडतात त्याचे नेहमीचे माप आहे. सुरुंग उडतो तेव्हा दगड बहुधा त्या भोकावरून उलतो आणि अर्धे भोक एका तुकड्यावर राहते. पारसिकच्या डोंगरात आणि तुर्भ्याच्या बाजूला दगडखाणी वर्षानुवर्षे चालल्या. ज्याने त्या खाणींचे कडे जवळून पाहिले आहेत त्याने अशा शेकडो खाचा पाहिल्या आहेत. मीही पाहिल्या आहेत, म्हणून ही चूक मला अधिक लागली.

म्हणजे दगड या जागेचा नव्हता. खात्री करण्यासाठी आम्ही पायाच्या खड्ड्याकडे गेलो. तीन बाजूंना काँक्रीट पडले होते, पण एक कोपरा अजून उघडा होता. तिथे वरून सव्वा ते दीड मीटरपर्यंत मुरूम, विटांचे तुकडे आणि डबर यांची भरणी दिसत होती, आणि तिच्या खाली एकदम खाडीचा करडा चिखल सुरू होत होता, बारीक शिंपल्यांसकट. दगड सव्वा मीटरवर, म्हणजे भरणीत निघाला होता. कोणताही मूळचा कातळ चिखलाच्या वर, मुरमात तरंगत नसतो.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा काकांच्या थोरल्या बहीण आत्याबाई माहेरी आल्या होत्या. त्यांनी दगड उलटसुलट करून पाहिला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि सरळ म्हणाल्या, 'यो दगर आपले जाग्याचा नाय, यो खदानीचा हाय.' खाडीचे पाणी पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत यायचे, म्हणून जोते उंच करायचे ठरले आणि त्यासाठी खदानीवरून डबराच्या पाच लॉऱ्या आणवल्या, हे त्यांना लख्ख आठवत होते. धाकट्या भावाच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे काकांनी हिशेब करून सांगितले त्याप्रमाणे १९८३ साली. लॉरीमागे किती पैसे दिले तेही त्यांना आठवत होते. खदान कोणती, हे मात्र आठवत नव्हते. चार दशकांपूर्वी जी गोष्ट घरातल्या एका माणसाला माहीत होती ती तिला विचारण्याऐवजी आम्ही सगळे भिंग आणि चुंबक घेऊन बसलो होतो, यावर काका मनमोकळे हसले. त्यांचा थोडा हिरमोडही झाला होता, तो त्यांनी लपवला नाही.

यामुळे काय उरले आणि काय गेले, हे नेमके सांगता येते. दगडाची ओळख बदलली नाही: पाहोएहोए प्रकारच्या बेसॉल्ट प्रवाहाचा तळ, वायूनळ्यांसह, आणि नळ्यांत उशिरा साचलेली खनिजे. तळ-माथा ठरतो, कारण साल आणि जोडलेल्या नळ्या हे दोन्ही पुरावे एकच दिशा दाखवतात. लाव्हा सपाट जमिनीवर पसरत होता हेही टिकते. मात्र प्रवाहाची दिशा गेली. कललेल्या नळ्या दिशा दाखवतात ती दगड आपल्या जागी असेपर्यंत. सुरुंगाने तो उडवला तेव्हा ती पहिल्यांदा हरवली, आणि लॉरीतून ओतला तेव्हा पुरती हरवली. खाणीच्या कड्यावर असताना कोणी त्यावर उत्तरेची खूण केली असती तर गोष्ट वेगळी होती. खड्ड्यातून काढताना तो कसा पडला होता, हे मी पहिल्या भेटीत काकांना आठवायला लावले होते, त्याला काहीच अर्थ नव्हता.

माझी शिफारस इतकीच होती: दगड विकू नये, त्याला पुन्हा अ‍ॅसिड लावू नये, हिरव्या थराच्या नळ्या खराट्याने साफ करू नयेत, आणि तळाच्या बाजूला सापडल्याची तारीख, खोली आणि 'भरणीतील, मूळ जागा खाण' ही नोंद ऑइलपेंटने लिहावी. पुतण्याने ती लिहिली, शेजारी 'वर' असे लिहून बाणही काढला. खरेदीदाराचा फोन पुन्हा आला तेव्हा त्याला हीच नोंद वाचून दाखवण्यात आली. त्यानंतर तो आला नाही.

नव्या घराच्या ओट्यावर, तुळशीच्या शेजारी दगड आता बाणाप्रमाणे बसवला आहे. जास्वंदीचे फूल अजून असते. शेवटच्या भेटीत पाहिले तर आत्याबाईंनी त्यातल्या रिकाम्या नळ्यांत उदबत्त्या खोचल्या होत्या. ३ मिलिमीटरच्या नळीत उदबत्तीची काडी चांगली घट्ट बसते, हे मला मान्य करावे लागले. त्यांची एकच तक्रार होती: कितीही सरळ खोचल्या तरी सगळ्या उदबत्त्या एकाच बाजूला कलतात आणि राख पायरीवर पडते.